‘समाधानकारक’ हवा

ज्या लेखनाचें परीक्षण येथें करावयाचें आहे त्याच्या कर्त्याचें नांव कोठें छापलेलें नसतें. त्याला मुखपृष्ठ नाहीं, किंमत नाहीं, आणि पुस्तकांच्या दुकानांत तें मिळत नाहीं. तरीहि आज महाराष्ट्रांत त्याला जितके वाचक आहेत तितके एखाद्या कादंबरीला क्वचितच लाभत असतील. सकाळीं चहाचा पेला हातीं घेऊन मनुष्य मोबाइल उघडतो, आणि एक आंकडा, एक रंग व एक विशेषण अशी तीन पदांची रचना त्याच्या दृष्टीस पडते. हिलाच हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक म्हणतात. केन्द्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१४ सालीं तिचा सांचा ठरविला. शास्त्र म्हणून तिची चिकित्सा शास्त्रज्ञ करीत असतातच. पण ती मराठींतहि लिहिली जाते, मराठी घरांत वाचली जाते, आणि तिच्यावर विसंबून आई आपल्या मुलाला अंगणांत खेळावयास सोडते. जें लेखन इतकें वाचलें जातें आणि ज्यावर इतका भरंवसा ठेवला जातो, त्याची भाषा तपासणें हें टीकाकाराचें काम नव्हे, असें कोण म्हणेल?

हा विचार मनांत येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील देवळाली प्रवरा येथें आम्ही माघ महिन्यांत आप्तांकडे गेलों होतों. हें राहुरी तालुक्यांतील गांव. प्रवरेला तिकडे अमृतवाहिनी म्हणतात. हिच्याच कांठीं खालीं नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि हिच्याच खोऱ्यांत वरच्या अंगास, प्रवरानगरास, विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या पुढाकारानें १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ह्या नदीनें मराठी भाषेला गोडी दिली, आणि मग महाराष्ट्राला साखर दिली, असें म्हटलें तरी चालेल. गळीत हंगाम ऐन भरांत होता. संध्याकाळीं वहिनींनीं गच्चीवर वाळत घातलेले कपडे खालीं आणले, तों पांढऱ्या धोतरावर बोटाएवढ्या लांब, काळ्या राखेच्या चिंध्या पडलेल्या. ऊंस तुटून गेलेल्या कोणाच्या तरी शेतांत पाचट पेटविलें होतें. वहिनी राख झटकूं लागल्या, तर तिचे फराटे उठले. धाकट्या पुतण्यानें मोबाइल पाहिला आणि मोठ्यानें वाचलें, “हवा समाधानकारक आहे.” वहिनी क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “भावजी, तुम्ही पुस्तकांवर लिहितां. मग हें कोणाचें समाधान, तेंहि एकदां लिहा कीं!”

वहिनींचा प्रश्न राखेविषयीं नव्हता, शब्दाविषयीं होता; आणि तो मार्मिक होता. निर्देशांकाच्या पट्टींत सहा विशेषणें आहेत. ५० पर्यंत हवा चांगली, ५१ ते १०० पर्यंत समाधानकारक, पुढें मध्यम, वाईट, अतिवाईट आणि अखेरीस गंभीर. ‘समाधान’ हा मराठींतला साधा शब्द नव्हे. संतांच्या वाणींतून तो आपल्या घरांत आला. ज्याला समाधान लाभलें त्याला मागावयाचें कांहीं उरत नाहीं, असा त्याचा भाव आहे. मूळ इंग्रजी शब्दांत ही भावना नाहीं; मुलगा परीक्षेंत जेमतेम उतरला तरी प्रगतिपुस्तकांत तो शब्द लिहितां येतो. भाषांतरकारानें कोशांतला प्रतिशब्द उचलला, आणि ‘जेमतेम’च्या जागीं ‘तृप्ति’ आणून बसविली.

आतां ह्या तृप्तीचें माप पाहा. निर्देशांक १०० वर असतो तेव्हां दिवसभराच्या सरासरीनें एक घनमीटर हवेंत अतिसूक्ष्म कण ६० मायक्रोग्रॅम असूं शकतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दिवसाच्या सरासरीची जी शिफारस केली ती १५ मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे ‘समाधान’ जेथें संपतें तेथें हवेंतील कण त्या शिफारशीच्या चौपट झालेले असतात. देशाच्या अडचणी पाहून मर्यादा सैल ठेवावी लागली असेल, हें आम्हांस समजतें. पण मग विशेषणहि तसेंच योजावयास हवें होतें. ‘सोसण्याजोगी हवा’ असें लिहिलें असतें तर तें खरें झालें असतें, आणि मराठीहि झालें असतें.

तथापि शब्दाची चूक एका फटकाऱ्यानें सुधारतां येईल. आमचा मोठा आक्षेप आंकड्याला आहे. बहुतेक दिवशीं ज्या धुळीवरून हा आंकडा ठरतो, ती धूळ केवळ तोलली जाते. अडीच मायक्रॉनहून लहान कण किती वजनाचे भरले, एवढेंच विचारलें जातें. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. त्यावरून हे कण किती बारीक, ह्याची कल्पना येईल. पण ते कशाचे, हा प्रश्नच नाहीं. समुद्रावरून उडालेल्या मिठाचा कण आणि भट्टींतून उडालेल्या शिशाचा कण ह्या तराजूंत सारखेच. एखाद्या परीक्षकानें वर्षाच्या साहित्याचा आढावा घेतांना, ‘यंदां इतके मण पुस्तकें प्रसिद्ध झालीं, प्रमाण समाधानकारक आहे’ एवढेंच लिहिलें, तर संपादक तो लेख परत करतील. ग्रंथाचें वजन रद्दीवाल्यानें करावें. टीकाकारानें त्यांत काय आहे तें सांगावें.

हवेच्या बाबतींत ‘त्यांत काय आहे’ हा प्रश्न रसिकतेचा नसून जीवनमरणाचा आहे. कोळसा, कचरा, तेल किंवा धातूचा रस ह्यांतून भट्टींत जी वाफ उठते तींत शिसें, कॅडमियम, सोमल, जस्त ह्यांचे अंश मिसळलेले असतात. धुराबरोबर वर जातांना ही वाफ निवते आणि जवळच्या कणांवर बसते. कण जितका लहान तितकें वजनाच्या मानानें त्याचें अंग मोठें; म्हणून धातूचा वांटा अधिक येतो तो सर्वांत बारीक कणांच्या. मोठी राख नाकांत अडते, घशांत अडते, खाकरून टाकतां येते. बारीक कण फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत उतरतो. तेथील ओलाव्यांत धातु विरघळतो. लोखंड व तांबें फुफ्फुसाच्या त्वचेचा दाह सुरू करतात, आणि बाकीचे रक्तांत शिरतात. शिसें कॅल्शियमचें सोंग घेऊन हाडांत जाऊन बसतें आणि तेथें वर्षानुवर्षें राहतें. लहान मुलाच्या मेंदूला त्याचें अमुक प्रमाण निर्धोक, असें म्हणतां येत नाहीं. कॅडमियम मूत्रपिंडांत मुक्काम करतो. मँगेनीज पचनाच्या वाटेनें गेला तर यकृत त्याचा बंदोबस्त करतें, पण श्वासाच्या वाटेनें गेला तर ती चौकी चुकते, आणि त्याचा अतिरेक हातापायांना कंप आणतो. सोमल, निकेलचीं संयुगें, कॅडमियम आणि क्रोमियमचा एक प्रकार ह्यांची गणना कर्करोग निश्चितपणें उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत झालेली आहे. २०१३ सालीं बाहेरच्या हवेंतील धूलिकणांनाहि त्याच वर्गांत बसविण्यांत आलें.

सारखें वजन म्हणजे सारखा अपाय नव्हे, हें केवळ तर्कानें सांगितलेलें नाहीं. अमेरिकेंतील यूटा प्रांताच्या एका दरींत पोलादाचा मोठा कारखाना होता. १९८६ च्या ऑगस्टमध्यें मालक-मजुरांच्या तंट्यामुळें तो बंद पडला आणि सुमारें तेरा महिन्यांनीं पुन्हां सुरू झाला. आर्डेन पोप नांवाच्या अभ्यासकानें रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां असें दिसलें कीं, कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दमा व श्वासनलिकेचा दाह ह्यांसाठीं दाखल झालेलीं मुलें बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होतीं. येथपर्यंत कोणीहि म्हणेल कीं, धूळ कमी म्हणून रोग कमी. पण त्या वर्षांच्या हवेंतील धूळ गाळण्यांच्या कागदांवर जपून ठेवलेली होती. पुढें शास्त्रज्ञांनीं तिन्ही काळांतील धुळीचा अर्क काढला आणि सारख्याच वजनाच्या मात्रेनें त्याचा परिणाम फुफ्फुसांवर पाहिला. कारखाना बंद असतांनाच्या धुळीनें दाह थोडा झाला. चालू असतांनाच्या धुळीनें पुष्कळ झाला. वजन तेंच होतें. धातूंचा अंश मात्र कमीजास्त होता. आमच्या निर्देशांकानें ह्या दोन्ही धुळींना एकच आंकडा दिला असता, एकच रंग दिला असता, आणि एकच विशेषण बहाल केलें असतें.

आमच्याकडे हें ज्ञान नाहीं असें मात्र नव्हे, आणि येथेंच तक्रारीला धार येते. २००९ सालीं भारतांत हवेचीं जीं राष्ट्रीय मानकें जाहीर झालीं त्यांत तीन धातूंचीं नांवें स्पष्ट आहेत. वर्षाच्या सरासरीनें शिसें अर्ध्या मायक्रोग्रॅमहून, सोमल ६ नॅनोग्रॅमहून व निकेल २० नॅनोग्रॅमहून अधिक नसावें, असें तें पत्रक सांगतें. कॅडमियम, मँगेनीज व क्रोमियम ह्यांना त्यांत जागा मिळाली नाहीं, हा त्याचा उणेपणा खरा. पण तें निदान नांवें घेतें. निर्देशांकाच्या मूळ सांच्यांतहि आठ द्रव्यांत शिशाचें नांव आहे. मात्र शिसें मोजावयाचें तर गाळणीचा कागद प्रयोगशाळेंत न्यावा लागतो, त्याला दिवस लागतात, म्हणून रोजच्या चालू आंकड्यांत तें उतरत नाहीं. अशा रीतीनें विषाचें नांव कायद्यांत राहतें, आणि लोकांच्या हातीं पडतें तें केवळ वजन.

शहरांची ही कथा, तर देवळाली प्रवऱ्यासारख्या गांवांची काय असेल? २०१९ सालीं केन्द्र सरकारनें स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आंखला. त्याच्या यादींत महाराष्ट्रांतील मुंबई, पुणें, नाशिक, चंद्रपूर अशीं अनेक नगरें होतीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील एकहि नव्हतें. मोबाइलवर गांवाचें नांव घातलें तर आंकडा येतो खरा, पण तो बहुधा दूरच्या यंत्रावरून किंवा उपग्रहाच्या चित्रांवरून गणितानें काढलेला अदमास असतो. त्या अदमासाला पाचट दिसत नाहीं. उकिरड्यावर पेटविलेल्या वायरी, प्लास्टिक आणि रंग दिलेलीं जुनीं लांकडें ह्यांच्या धुरांत शिसें-कॅडमियम असूं शकतें, हें दिसत नाहीं. राहुरी तालुक्यांतून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यावर ब्रेक दाबतांना झिजून उडणारें तांबें दिसत नाहीं. आणि ऊंसतोडणीच्या टोळ्या दिसत नाहींत. त्यांचीं मुलें उघड्यावरच्या कोपींत, चुलीच्या धुराशेजारीं आणि रस्त्याच्या धुळींत हंगामभर झोपतात. ह्या वाचकवर्गासाठीं तर तें तीन पदांचें लेखनहि लिहिलें जात नाहीं.

ज्या राखेनें वहिनींना त्रास दिला ती ह्या सगळ्यांत निरुपद्रवी होती, हें येथें सांगितलें पाहिजे. डोळ्यांना दिसते ती राख फुफ्फुसापर्यंत पोंचत नाहीं. तिच्याबरोबर जो धूर न दिसतां घरांत शिरला तोच विचार करण्याजोगा. म्हणजे डोळ्यांची साक्ष अपुरी, आणि आंकड्याची साक्षहि अपुरी. अशा वेळीं माणसाच्या हातीं भाषा उरते.

आणि भाषेनें आपल्याला येथें दगा दिला आहे काय, हें पाहूं गेलें तर उत्तर मजेदार येतें. मराठीला धूळ परकी नाहीं. आपण धुळाक्षरें गिरवून शिकलों. थोरांची पायधूळ घरीं लागावी म्हणून आर्जवें केलीं. गायी परततांना उडणाऱ्या धुळीचा मुहूर्त धरून लग्नें लावलीं. होळीच्या दुसऱ्या दिवशीं धूळ हाच सण केला. धुराचेंहि तसेंच. कौलांतून निघणारा चुलीचा धूर हें आपल्या ग्रामीण वर्णनांत घर नांदतें असल्याचें चिन्ह, आणि कारखान्याच्या धुराड्याचा धूर हें प्रगतीचें. आमचे लेखक गांवीं गेले कीं धुळीनें माखलेलीं मुलें पाहून त्यांचें मन भरून येतें, आणि शहरांतले लोक हवापालटासाठीं खेड्यांत जातात. ह्यांत खोटें कांहीं नव्हतें. त्या वर्णनांतली धूळ बहुतांशीं मातीचीच होती. दोष इतकाच कीं, धुळीचा स्वभाव पालटला तरी वर्णन पालटलें नाहीं. शेतीला ज्या फॉस्फेटच्या दगडापासून खत येतें त्यांत कॅडमियमचा अंश असतो. म्हणजे शेताची माती देखील आतां आजोबांच्या वेळची राहिलेली नाहीं. ग्रामीण जीवनाचें चित्रण वास्तव आहे असा अभिमान बाळगणाऱ्या साहित्यानें ह्या वास्तवाकडे पाठ फिरवावी, ही त्याच्या निरीक्षणांतील उणीव होय.

पण दुसऱ्या बाजूनें पाहतां, मराठीजवळ ह्या विषांचीं नांवें फार पूर्वीपासून आहेत. ‘सोमल’ म्हणतांच निरक्षर आजीहि हात मागें घेते. कल्हईवाला दारांत आला कीं कथलांत शिसें मिसळलें आहे कीं काय, हें पारखून घेण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरांत होती. तांबें, जस्त, पारा हीं आपल्या भांड्यांचीं व औषधांचीं नांवें आहेत. ‘अतिसूक्ष्म धूलिकण अमुक मायक्रोग्रॅम’ असें वाचून ज्या घरांत कोणी मान वर करीत नाहीं, त्या घरांत ‘हवेंत सोमल व शिसें आढळलें’ असें एक वाक्य पोंचलें तर पुढची कृति कोणाला शिकवावी लागणार नाहीं. अंगणांत वायरी जळणार नाहींत. जुनी बॅटरी घरच्या घरीं फोडली जाणार नाहीं. कोरड्या केरसुणीऐवजीं ओलें फडकें फिरेल. रांगतें मूल हात न धुतां जेवावयास बसणार नाहीं.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, लोक घाबरतील. नांव न घेतल्यानें भीति टळते हें खरें, पण संकट टळत नाहीं. आणि आपले वाचक मुलें नव्हेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धातु मोजणें खर्चाचें व वेळाचें काम आहे, तें रोज गांवोगांव कसें व्हावें? ह्याचें उत्तर मानकांतच आहे. सोमल व निकेल ह्यांची मर्यादा तेथें वर्षाच्या सरासरीचीच दिली आहे, कारण ह्या विषांचा अपाय मुख्यतः वर्षांच्या हिशेबानें साठतो. तेव्हां रोजचा आंकडा नको. वर्षांतून एकदां, गळीत हंगामांतले आणि पावसाळ्यांतले कांहीं कागद तपासून, नगरपरिषदेच्या फळ्यावर चार ओळी लिहिल्या तरी पुरे. पंचांग वर्षाला एकच छापतात. पण त्यावर वर्षभर घर चालतें.

नांव घेतल्यानें काय होतें ह्याचा दाखला शिशानेंच दिला आहे. १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिज्ली ह्यानें पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग घालण्याची युक्ति काढली, आणि पुढें जगभर मोटारींच्या धुरांतून शिसें उडूं लागलें. तें ‘धूर’ ह्या नांवाखालीं होतें तोंवर कोणाला त्याचें कांहीं करतां आलें नाहीं. ‘शिसें’ म्हणून ओळखलें गेलें तेव्हां एकेक देशानें तें काढून टाकलें. भारतांत हें २००० सालीं झालें, आणि २०२१ सालीं अल्जीरियानें शेवटचा पंप बंद केल्यावर रस्त्यावरच्या मोटारींपुरतें तें जगांतून गेलें. दिवाळीच्या फटाक्यांचेंहि असेंच. हिरवा रंग बेरियमचा, हें ठाऊक होतें म्हणून २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयाला बेरियमच्या क्षारांस मनाई करतां आली. ती मनाई किती पाळली जाते हा निराळा प्रश्न. धूळ सबंध काढून टाकणें कोणत्याहि सरकारला साधणार नाहीं. तींतलें शिसें काढणें साधतें, कारण तें कोठून येतें हें विचारतां येतें, आणि उत्तर मिळालें कीं तें दार बंद करतां येतें.

सारांश, निर्देशांक हें लेखन निरुपयोगी आहे असा आमचा अभिप्राय नाहीं. ज्या देशांत हवेविषयीं कोणी कांहीं बोलत नव्हतें तेथें त्यानें रोज बोलण्याची संवय लाविली, हें त्याचें श्रेय मोठें आहे. पण तें अजून प्रस्तावनाच आहे. ग्रंथ लिहावयाचा राहिला आहे. त्याच्या पुढील आवृत्तींत एक विशेषण बदलावें आणि वर्षांतून एकदां तरी धातूंचीं नांवें यावींत, एवढीच सूचना.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं गच्चीवर पुन्हां तसाच वास आला. वहिनींनीं कपडे आधींच आंत घेतले होते. आतां पुतण्याला हांक मारली आणि खिडक्या लावून घेतल्या. मोबाइल कोणीं पाहिला नाहीं. हा अंक हातीं पडल्यावर त्या पहिल्यानें आपल्या प्रश्नाचें उत्तर शोधतील, म्हणून तें येथें लिहून ठेवतों: वहिनी, तें समाधान आंकडा लिहिणाऱ्याचें आहे. तुमच्या श्वासांत काय आहे हें जोंवर तुम्हांला सांगितलें जात नाहीं, तोंवर तें तुमचें नव्हे. आणि तें विचारण्याचा हक्क मात्र तुमचा आहे.